गुडघ्याच्या वाटीची शस्त्रक्रिया : सव्वाशे वर्षांचा हिशेब



इतिहास म्हटला म्हणजे गड, लढाया आणि राजेरजवाडे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. शाळेत आपण तेच पाठ केले. परंतु आपल्या दुखण्याखुपण्यांनाही इतिहास असतो, आणि तो लढायांच्या सनावळीपेक्षा संसाराला कितीतरी अधिक उपयोगी पडतो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. म्हणून स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा मी पाककृती किंवा भरतकाम हा विषय न घेता गुडघ्याची वाटी हा विषय घेतला. हसू नका! ज्या वाटीवर आपण दिवसातून पन्नास वेळा उठतो आणि बसतो, तिच्याविषयी चार गोष्टी ठाऊक असाव्यात, एवढाच हेतू आहे.

या विषयाला कारणही तसेच घडले. दोन वर्षांपूर्वी श्रावणात मंगळागौरीच्या खेळांची तालीम चालू असता फुगडी घालताना आपल्या आळीतील एका मुलीची वाटी बाहेरच्या अंगाला निखळली, हे पुष्कळजणींनी पाहिले आहे. त्यानंतर ती आणखी दोनदा निखळली. एकदा जिना उतरताना आणि एकदा बसमधून उतरताना. मग घरोघरी जे होते तेच झाले. कोणी म्हणाले, ऑपरेशन करून मोकळे व्हा. कोणी म्हणाले, कोवळ्या मुलीच्या पायाला सुरी लावू नका, उद्या लग्न व्हायचे आहे. मुलीच्या आईने मात्र निराळाच प्रश्न विचारला. ती म्हणाली, “ऑपरेशन केले तर ही माझ्या वयाची होईल तेव्हा तिचा गुडघा कसा असेल? आणि नाही केले तर कसा असेल?” हे मी तिच्या परवानगीनेच लिहीत आहे. प्रश्न साधा, पण त्याचे उत्तर शेजारपाजारी कोणाजवळ नव्हते. माझी धाकटी जाऊ दवाखान्यात परिचारिका आहे. तिने इंग्रजी कागद वाचून अर्थ सांगायचा आणि मी वहीत उतरवून घ्यायचे, असे आम्ही दोघींनी दुपारच्या वेळात केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मला जे समजले ते तुम्हालाही समजेल, अशी खात्री आहे.

प्रथम वाटी म्हणजे काय ते पाहू. मांडीचा मोठा स्नायू गुडघ्यापाशी येऊन एका जाड दोरीसारख्या कंडरेत संपतो. ही कंडरा वाटीला धरून पुढे नडगीच्या वरच्या टोकावरील उंचवट्याला घट्ट चिकटलेली असते. वाटी त्या दोरीच्या मधोमध बसलेली आहे. विहिरीवरच्या रहाटामुळे पोहरा ओढणे जसे सोपे जाते, तसे वाटीमुळे पाय सरळ करणे सोपे जाते. पाय वाकला की वाटी मांडीच्या हाडाच्या टोकावरील खोबणीतून वरखाली सरकते. सरकते दार आपल्या खाचेतून जाते तशी. खाच उथळ असली, दोरीचा ओढा तिरपा असला, वाटी फार उंचावर असली किंवा आतल्या बाजूचा बंध सैल वा तुटका असला, म्हणजे दार खाचेतून निघते. पाऊल जमिनीवर रोवलेले, गुडघा थोडा वाकलेला आणि अंग मात्र वळलेले, अशा वेळी हे विशेष घडते. फुगडीत अगदी हेच होते. वाढत्या वयाच्या मुलामुलींत हे दुखणे जास्त दिसते.

आता इतिहासाकडे वळू. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणे १८४६ साली अमेरिकेतील बोस्टन येथे जगापुढे आले, आणि जखम निर्जंतुक ठेवण्याची लिस्टर यांची पद्धत १८६७ साली प्रसिद्ध झाली. तोवर केवळ वाटी सरकते म्हणून गुडघा उघडण्याचे धाडस कोण करणार? उघडला तर पू होऊन पाय, नाहीतर प्राणच जायचा. पुढे १८८८ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथील शल्यविशारद सेझार रू यांनी वारंवार निखळणाऱ्या वाटीवरील आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. बाहेरच्या बाजूचा ताण सोडवायचा, आतली बाजू आवळून शिवायची आणि कंडरेची नडगीवरची जागा थोडी आत सरकवायची, अशी ती रीत होती. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर सात वर्षांनी, १८९५ साली लागला. म्हणजे रू यांना आतले हाड डोळ्यांनी दिसत नव्हते. हाताला लागेल त्यावरूनच त्यांनी हे सारे ओळखले. पोटाच्या शस्त्रक्रियेतील आतडे जोडण्याची एक पद्धत आजही याच गृहस्थांच्या नावाने ओळखली जाते.

त्याच शतकाच्या अखेरीस बोस्टन येथील जोएल गोल्डथ्वेट यांनी कंडरा उभी दुभागून तिचा बाहेरचा अर्धा भाग आतल्या अर्ध्या भागाखालून नेऊन आतल्या अंगाला शिवण्याची युक्ती काढली. १८९९ साली त्यांनी वीस वर्षे निखळलेल्या स्थितीत राहिलेल्या एका वाटीची हकीगत प्रसिद्ध केली. वीस वर्षे, भगिनींनो! या दोघांच्या नावाने ओळखली जाणारी रीत पुढे मुलांसाठी पुष्कळ वापरात राहिली. त्याला कारण असे की, वाढत्या वयात नडगीच्या त्या उंचवट्याखाली हाड वाढण्याची कोवळी पट्टी असते. हाडाचा तुकडा काढून हलवला तर तिला इजा होते आणि गुडघा मागच्या बाजूला वाकू लागतो. म्हणून मुलांच्या हाडाला हात न लावता नुसती कंडराच वळवायची.

याच बोस्टन शहरात अर्नेस्ट कॉडमन नावाचे एक शल्यविशारद होऊन गेले. ते गुडघ्याचे नव्हे, खांद्याचे जाणकार. तरी आपल्या गोष्टीत त्यांचे स्थान मोठे आहे. त्यांचे म्हणणे असे की, प्रत्येक रोग्याची एक चिठ्ठी ठेवावी, त्याला काही काळाने परत बोलवावे, गुण आला की नाही ते पाहावे, आणि आला नसेल तर का आला नाही ते लिहून ठेवावे. आपण भिशीचा पैन् पै हिशेब ठेवतो, तसाच हा शस्त्रक्रियेचा हिशेब. पण तो पुष्कळांना रुचला नाही. १९१४ साली कॉडमन यांनी त्या मोठ्या रुग्णालयाचा राजीनामा दिला, आणि आपल्या स्वतःच्या लहान रुग्णालयात झालेल्या चुकांसकट सर्व निकाल छापून प्रसिद्ध केले. असा हिशेब ठेवला नाही तर काय होते, हे आपल्या वाटीच्या इतिहासात पुढे दिसून येते.

१९३८ साली शिकागो येथील एमिल हाउझर यांनी नवी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. नडगीवरचा उंचवटा कंडरेसकट हाडाच्या तुकड्यानिशी काढायचा आणि आत व खाली सरकवून बसवायचा. वाटी पक्की बसे. पुढे कित्येक वर्षे ठिकठिकाणी ही शस्त्रक्रिया होत राहिली. पूर्वी वाटी सरकत होती, आता सरकत नाही. तेव्हा यश आले, असा हिशेब सर्वांनी मांडला आणि वही मिटली.

त्याच सुमारास, १९३७ साली, इंग्लंडमधील राल्फ ब्रुक यांनी मोडलेल्या वाटीविषयी लिहिताना असे मत मांडले की, वाटी हा अवयव फारसा उपयोगाचा नाही आणि ती काढून टाकल्याने गुडघा अधिकच चांगला चालतो. या मताचा पगडा बसून पुढे सरकणाऱ्या आणि झिजलेल्या वाट्याही काढून टाकण्यात येऊ लागल्या. नंतर बारकाईने मोजमाप झाले तेव्हा वाटीवाचून पाय सरळ करण्याची ताकद कमी होते हे सिद्ध झाले. रहाट काढून विहिरीवर नुसत्या हाताने पोहरा ओढणाऱ्या बाईला हे कोणी सांगायला नको होते!

हाउझर यांच्या शस्त्रक्रियेचे खरे उत्तर यायला मात्र जवळजवळ चाळीस वर्षे लागली. १९७५ साली ब्रिटनमधून आणि १९७६ साली न्यूयॉर्कमधून, जुन्या रोग्यांना परत बोलावून केलेल्या तपासण्या प्रसिद्ध झाल्या. न्यूयॉर्कच्या तपासणीतील एक डॉक्टर जॉन इन्सॉल हे पुढे कृत्रिम गुडघ्याच्या कामासाठी जगभर नावाजले गेले. तपासणीत असे दिसले की, उंचवटा हलवलेल्या पुष्कळ गुडघ्यांत वाटी जागेवर होती, पण आतली गुळगुळीत कूर्चा झिजून संधिवात झाला होता. ज्यांची शस्त्रक्रिया झालीच नव्हती अशा गुडघ्यांत ही झीज कमी होती. म्हणजे दार खाचेत बसले, पण खाचच घासून गेली.

असे का व्हावे? नडगीचे हाड आडवे कापले तर ते तिकोनी दिसते. पलंगाची कड लागली की जिथे जीव कळवळतो, ती त्या तिकोनाची पुढची धार. कौलारू घराचे आढे डोळ्यांपुढे आणा. आढ्यावरचे कौल एका बाजूला सरकवले की ते नुसते बाजूला जात नाही, उतारावरून खालीही जाते. तसाच तो उंचवटा आत सरकवताना मागेही जाई. शिवाय तो खाली ओढलेला असे. त्यामुळे कंडरा ताणली जाऊन वाटी मांडीच्या हाडावर जन्मभर दाबली जाई. पहिल्या वर्षी हे कळत नाही, पाचव्या वर्षीही कळेलच असे नाही. विसाव्या वर्षी जिना चढताना कळते. कॉडमन वर्षभराने रोग्याला बोलवा म्हणत होते, त्यालाच लोक कंटाळले. इथे तर वर्षाचा हिशेबही अपुरा ठरला.

स्वीडनमधील डॉक्टरांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेली तपासणी मला सर्वांत पटली, कारण ती समजायला सोपी आहे. त्यांनी अशी माणसे शोधली की ज्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या वारंवार निखळत, पण शस्त्रक्रिया एकाच गुडघ्याची झाली होती. माणूस एकच, वजन एकच, चालणे एकच. फरक एवढाच की एका गुडघ्याला सुरी लागली आणि दुसऱ्याला नाही. सुमारे चौदा वर्षांनी दोन्ही गुडघे पाहिले, तेव्हा शस्त्रक्रिया झालेला गुडघा दुसऱ्यापेक्षा बरा तर नव्हताच, उलट त्यातच झीज अधिक आढळली.

एवढे ऐकून मुलीची आजी म्हणाली, “मग झाले तर, ऑपरेशनच नको!” परंतु भगिनींनो, इथे थांबणे बरोबर नव्हे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ओल्मस्टेड नावाचा परगणा आहे. तेथील रहिवाशांचे निरनिराळ्या दवाखान्यांतील कागद एकत्र लावून ठेवण्याचे काम १९६६ सालापासून चालू आहे. ते कागद चाळून २०१७ साली असे प्रसिद्ध झाले की, एकदा वाटी निखळलेल्या माणसांपैकी पंचवीस वर्षांत शंभरी सुमारे ४९ जणांच्या वाटीखाली संधिवात आला. त्याच वयाच्या, वाटी न निखळलेल्या माणसांत हे प्रमाण शंभरी सुमारे ८ होते. वाटी पुन्हा पुन्हा निखळणे आणि कूर्चेला मार लागणे यांनी धोका आणखी वाढतो. तेव्हा वाईट शस्त्रक्रियेने गुडघा झिजतो हे जितके खरे, तितकेच निखळत्या वाटीकडे दुर्लक्ष केल्यानेही तो झिजतो हे खरे.

मग घाईने पहिल्याच वेळी शस्त्रक्रिया करावी काय? याचे उत्तर फिनलंडमधील डॉक्टरांनी दिले. सोळा वर्षांखालील मुलांची वाटी पहिल्यांदा निखळल्यावर काहींची फाटलेली बाजू लगेच शिवली आणि काहींना शस्त्रक्रियेवाचून बरे केले. सुमारे चौदा वर्षांनंतरचा निकाल २००८ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत वाटी पुन्हा निखळण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच, म्हणजे साधारण तिघांत दोघांना. फाटलेले नुसते शिवून काही साधले नव्हते. म्हणून आजही हाडाचा वा कूर्चेचा तुकडा सुटला नसेल, तर पहिल्या वेळी बहुधा काही दिवस आधारपट्टा आणि मग मांडीच्या स्नायूंचा नेटाने व्यायाम, हाच मार्ग सांगतात.

शल्यविशारद हात जोडून बसले नव्हते, हे विशेष. फ्रान्समधील ल्यों येथील आल्बेर त्रिया यांनी १९६४ साली, उंचवटा खाली न ओढता बाजूला वळवण्याची रीत प्रसिद्ध केली. अमेरिकेतील जॉन फुलकर्सन यांनी १९८३ साली हाडाला तिरपा छेद देऊन, उंचवटा आत सरकताना मागे न जाता पुढे यावा, अशी सोय केली. म्हणजे मघाच्या कौलाचा उतारच उलटा केला. ल्यों येथीलच आंरी देजूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९९४ या काळात वाटी निखळणाऱ्या गुडघ्यांची मापे घेऊन दाखवले की त्यांतील बहुतेकांची खोबण मुळातच उथळ असते. प्रत्येकीचे कारण निराळे, म्हणून आधी मोजा आणि मग हात घाला, ही शिस्त तेव्हापासून पक्की झाली.

आपल्या देशाचाही यात वाटा आहे, हे वाचून मला फार आनंद झाला. कलकत्त्याचे डॉ. बक्षी यांनी १९८१ साली एक निराळाच विचार मांडला. गुडघ्याच्या आतल्या बाजूला तीन स्नायूंच्या कंडरा एकत्र येऊन बदकाच्या पावलासारख्या पसरतात. त्या जिवंत कंडरा वाटीकडे वळवल्या, तर स्नायू आखडेल तेव्हा तो आपणहून वाटीला आत धरील. नुसत्या खिळून ठेवलेल्या दोरीपेक्षा हा आधार बरा, असे त्यांचे म्हणणे. आणि त्यांनीही वही मिटली नाही. १९९३ साली आपल्या रोग्यांचा दीर्घ काळानंतरचा निकाल प्रसिद्ध केला.

शेवटी आजच्या रीतीविषयी. वाटीच्या आतल्या कडेपासून मांडीच्या हाडापर्यंत एक पातळ बंध असतो. न्यूयॉर्कमधील वॉरन आणि मार्शल यांनी १९७९ साली गुडघ्याच्या आतल्या बाजूचे थर उलगडून दाखवले, त्यात तो स्पष्ट झाला. वाटीला बाहेर जाण्यापासून रोखण्याचे अर्ध्याहून अधिक काम हा एकटाच बंध करतो, हे पुढे १९९०च्या दशकात मोजून कळले. वाटी निखळते तेव्हा तोच फाटतो. ब्राझीलचे एलेरा गोमेस यांनी १९९२ साली कृत्रिम धाग्याने हा बंध नव्याने घालण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. आता बहुधा रोग्याच्याच शरीरातील एखादी कंडरा घेऊन हा बंध घालतात. जपानमधील नोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ गुडघे सुमारे बारा वर्षांनी तपासून २००७ साली निकाल दिला. बहुतेक वाट्या जागेवर होत्या आणि झीज फारशी वाढलेली नव्हती. हा निकाल आशा वाटावी असा आहे. मात्र नवा बंध चुकीच्या जागी बसला किंवा फार आवळला गेला, तर वाटी पुन्हा दाबली जाते आणि जुनीच गोष्ट नव्याने घडते. चोळीचा बंद सैल असून चालत नाही आणि काचूनही चालत नाही, तसेच हे.

मुलीच्या आईच्या प्रश्नाला, माझ्या समजुतीप्रमाणे, इतिहास असे उत्तर देतो की, शस्त्रक्रिया करावी की न करावी एवढाच प्रश्न नाही. वाटी कशामुळे निखळते हे मोजून, त्याच कारणावर नेमकी आणि बेताची शस्त्रक्रिया केली तर गुडघा जपतो. कारण न पाहता वाटी ओढून बसवली, किंवा दरवेळी निखळू देऊन ‘चालायचेच’ म्हटले, तर दोन्हीकडून नुकसानच आहे. त्या मुलीच्या गुडघ्याची सर्व मापे आता घेतली गेली आहेत, आणि तिच्या आईने डॉक्टरांना चार प्रश्न विचारले. माझ्या मुलीची वाटी कशामुळे निखळते? त्या कारणावर तुम्ही काय करणार? व्यायाम किती महिने करायचा? आणि ज्यांची अशी शस्त्रक्रिया होऊन दहा-पंधरा वर्षे झाली ते आज कसे आहेत? डॉक्टर रागावले नाहीत. उलट खुर्ची पुढे ओढून त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवले. हे चार प्रश्न आपण प्रत्येकीने आपल्या वहीत लिहून ठेवावेत. गुडघाच काय, कोणत्याही ऑपरेशनला ते उपयोगी पडतील.

आणखी एक विनंती करते. या सगळ्या इतिहासात डॉक्टरांची नावे आहेत, पण ज्या बायकापुरुषांनी चौदा-पंधरा वर्षांनी, दुखत असो वा नसो, पुन्हा जाऊन आपला गुडघा दाखवला, त्यांची नावे कोठे नाहीत. ते आले नसते तर हिशेब लागलाच नसता आणि चुकीची रीत तशीच चालू राहिली असती. आपण बायका टाके निघाले की दवाखान्याची पायरी विसरतो. कागद रद्दीत जातात, फोटो माळ्यावर पडतात. ते जपून ठेवा. परत बोलावले तर ‘आता मला काय झाले आहे’ असे न म्हणता अवश्य जा. आपल्या एका फेरीने, आपल्याला कधी न दिसणाऱ्या एखाद्या मुलीचा गुडघा वाचेल. मंडळाच्या कामातही आपण दुसरे काय करतो? आपल्यामागून येणाऱ्यांची वाट थोडी सोपी करतो, एवढेच.

 

— एक सभासद भगिनी